आठशे ऐंशी मिलीग्रॅमची तूट

इमारतीतली पोरं त्यांना मिलीग्रॅमकाकू म्हणत. "मोठ्यांना नावं ठेवता का रे मेल्यांनो?" असं काकू तोंडावर म्हणत, पण मनातून त्यांना ते नाव आवडे. समोरच्या बाईंना पोरं कटकटकाकू म्हणत. त्यापेक्षा हे पुष्कळच बरं. निदान त्यात त्यांचं काम होतं.

काकू बावीस वर्षं एका सराफाच्या पेढीवर काट्याशी बसत. वस्तू आधी त्यांच्या हातात यायची, मग काट्यावर आणि मगच मालकांसमोर. मालक बोलायचे गोड, पण नियमाला कडक. त्यांचे नियम दोनच. वजन मोठ्यानं वाचायचं, म्हणजे गिऱ्हाइकाला ऐकू जातं. आणि काळा माल पेढीबाहेर जाता कामा नये. चार आण्याची अंगठी असली तरी घासून, पुसून, चमकवून द्यायची. काकूंनी बावीस वर्षं वजनं वाचली आणि बावीस वर्षं चांदी घासली. पुढं मालक थकले आणि मुलांनी त्या जागेत मोबाइलचं दुकान काढलं, तेव्हा मालकांनी निरोपाला म्हणून काकूंना काट्यांतला एक काटा दिला. काचेच्या पेटीतला, ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवणारा.

घरी बसून काट्याचं करायचं काय? लेकीनं उपाय काढला. सोन्याचांदीचे लिलाव चालतात अशा एका साइटवर तिनं आईचं खातं उघडून दिलं. सुरुवात घरातल्या बिनजोडीच्या चमच्यांपासून झाली. मग ओळखीच्या बायका येऊ लागल्या. कुणाची तुटकी साखळी, कुणाचं एकटंच उरलेलं कानातलं, कुणाच्या सासऱ्यांची जुनी नाणी. सराफाकडे मोडायला गेलं की तो डागाचं वजन कापतो, वितळताना येणारी घट कापतो, शिवाय रस्त्यावरून जाणारे बघतात ते वेगळंच. काकूंकडे यायला कुणाची लाज नव्हती. काकू ठरलेलं कमिशन घेत आणि वजन दोनदा वाचून दाखवत. पाच वर्षांत सहाशे बारा वस्तू विकल्या, पण खरी ठरलेली तक्रार एकही नव्हती. साइटवर त्यांच्या नावापुढं एक हिरवी खूण होती. ती तिथं आहे ना, हे काकू रोज सकाळी दात घासायच्या आधी बघत.

तक्रारी काही कमी आल्या नव्हत्या. काकूंचे यजमान लिफ्टदुरुस्तीतून निवृत्त झालेले. आयुष्यभर अडकलेल्या माणसांच्या शिव्या ऐकल्यामुळं त्यांचं डोकं थंड होतं. त्यांनी काकूंच्या गिऱ्हाइकांना नावं देऊन ठेवली होती. चाळीस प्रश्न विचारून एकही बोली न लावणारे ते 'चौकशी अधिकारी'. सगळ्यांच्या वर बोली लावून जिंकणारे आणि मग 'माझं बोट घसरलं' म्हणून लिहिणारे ते 'घसरलेले'. आणि लिलाव संपल्यावर 'ताई, घरचाच समजा आणि थोडं कमी करा' म्हणणारे 'जावईबापू'.

"आज कोण?" चहा घेता घेता ते विचारत.

"जावईबापू. नाण्यासोबत डबी फुकट हवीय त्यांना."

"दे की. वर आहेरही दे."

काकूंचीही एक पद्धत ठरून गेली होती. पैसे साइटकडे जमा झाल्याशिवाय वस्तू हलवायची नाही; गिऱ्हाइकानं वस्तू पसंत केली की साइट ते काकूंना देई. साइटवरचं बोलणं साइटबाहेर न्यायचं नाही. आणि वाकडा मेसेज आला, की उत्तर द्यायच्या आधी उठून हात धुवून यायचं. साबण लावून, नखांपर्यंत. तेवढ्या वेळात निम्मा राग उतरायचा, आणि उरलेला मेसेजमध्ये मावेल एवढाच असायचा.

ती डबी आली नणंदेकडून. नणंद पन्नाशीची झाली तरी घरात सगळ्यांची बेबीच होती. ती घरी बसून कपडे कमीजास्त करून द्यायची. शाळेसमोर एक छोटा गाळा रिकामा झाला होता आणि तो तिला हवा होता. गाळेवाला म्हणत होता, महिनाअखेर अनामत आणा, नाहीतर झेरॉक्सवाला तयारच आहे. बेबीनं आईची पेटी उपसली आणि तळातून एक तपकिरीची डबी काढली. चांदीची, झाकणावर वेल कोरलेली. आणि तव्याच्या बुडासारखी काळी.

"आईच्या आजोबांची," बेबी म्हणाली. "वहिनी, चांदीच्या भावानं गेली तरी चालेल. अनामतीचा एक कोपरा तरी निघेल."

काकूंनी वजन मोठ्यानं वाचलं. शहाण्णव पूर्णांक चाळीस. खिडकीपाशी पांढऱ्या कागदावर ठेवून, झाकण मिटून आणि उघडून सहा फोटो काढले, वर्णन लिहिलं आणि लिलाव लावला.

पाच दिवस कुणी ढुंकून पाहिलं नाही. सहाव्या दिवशी दोघांची जुंपली. त्यातल्या एकाचं नाव 'बारीकनजर ५१'. एकानं वर चढवलं की दुसरा त्याच्या वर. शेवटच्या दहा मिनिटांत काकू, यजमान आणि लेक तिघंही फोनवर वाकून बसले होते आणि फोनच्या पलीकडून बेबी ओरडत होती, "किती? आता किती?" बारीकनजर जिंकला. चांदीच्या भावाच्या सहापटीनं. अख्खी अनामत निघत होती, वर गाळ्याला रंग देण्यापुरतेही उरत होते. बेबीनं त्याच संध्याकाळी गाळेवाल्याला शब्द देऊन टाकला.

दुसऱ्या दिवशी काकूंनी पार्सलची तयारी केली. कागद, खोका, चिकटपट्टी, सगळं मांडून झाल्यावर डबी हातात घेतली. एवढे पैसे मोजून कुणी घेतलेली वस्तू असल्या अवतारात पाठवायची? मालक असते तर काय म्हणाले असते? काकूंनी पांढरी पावडर काढली, मऊ ब्रश काढला, काडीला कापूस गुंडाळला. सकाळच्या आठला बसल्या त्या बाराला उठल्या. वेलीचं पानन् पान उजळलं. झाकणात खोलीची खिडकी दिसू लागली. लेक म्हणाली, "अगं, ही तीच आहे?" काकूंना ते कौतुकच वाटलं. वजन तर आधीच करून ठेवलेलं होतं. त्यांनी डबी गुंडाळली, खोक्यात ठेवली आणि यजमानांच्या हाती पाठवून दिली.

चार दिवसांनी, सकाळी अकराला, काकू ओटा पुसत असताना फोन वाजला. 'पार्सल मिळालं.' बस, एवढंच. तासाभरानं दुसरा मेसेज आला, त्याला आकडे घातलेले होते.

'एक. फोटोतली डबी काळी आहे. आलेली पांढरी आहे. दोन. तुम्ही लिहिलेलं वजन ९६.४०. माझ्या काट्यावर ९५.५२. तीन. म्हणजे ही ती डबी नव्हे. चार. तीन दिवसांत खरी डबी पाठवा. वस्तू बदलल्याची तक्रार मी साइटकडे केलेली आहे.'

काकूंनी हात धुतले. परत येऊन मेसेज वाचला. पुन्हा हात धुतले.

"काटा खोटा आहे मेल्याचा," त्या यजमानांना म्हणाल्या. "चांगली चमकवून पाठवली तर म्हणतो बदलली! काळी पाठवली असती तर म्हणाला असता, घाणेरडी पाठवली."

"किती कमी म्हणतोय?"

"आठशे ऐंशी मिलीग्रॅम."

 त्या उठून मागच्या खोलीत गेल्या. तिथं दोरीवर घासायचं फडकं लटकत होतं. डबी पुसून ते काळंकुट्ट झालं होतं म्हणून त्यांनी साबणात उकळून काढलं होतं. पाणी किती काळं निघालं होतं, ते त्यांना आत्ता आठवलं. दीडशे वर्षांची तपकीर, धूळ, काजळी आणि वर चांदीचा पुसट थर. चार तास घासलं तर ग्रॅमच्या जवळपास जाणारच. आणि हे त्यांना कळायला हवं होतं. पेढीवर घासल्यानंतर वजन करायचं, हे त्या नव्या पोरींना शिकवत असत. इथं वजन आधी, फोटो आधी, आणि घासणं सगळ्यात शेवटी.

 बावीस वर्षं आणि पाच वर्षं, सत्तावीस वर्षांत त्यांचं वजन चुकलं नव्हतं.

संध्याकाळी लेक कामावरून आली. ती एका कंपनीच्या तक्रार विभागात फोनवर बसायची, त्यामुळं असल्या बाबतीत घरात तिचा शब्द शेवटचा. तिनं साइटचे नियम उघडून वाचले. वस्तू बदलल्याचं सिद्ध झालं, तर खातं कायमचं बंद. विकणाऱ्यानं वस्तूत फेरफार केला असेल, तर पूर्ण पैसे परत आणि नावापुढं वर्षभर पिवळी खूण.

"म्हणजे घासली असं कबूल केलंस की पैसे गेले, नक्की गेले," लेक म्हणाली. "नाही कबूल केलंस तर निम्मी निम्मी शक्यता. आई, आमच्याकडे पहिलाच नियम आहे. कबूल काही करायचं नाही. 'आपली गैरसोय झाली याबद्दल खेद आहे', एवढंच म्हणायचं."

"लिहून टाक, उजेडाचा फरक," यजमान म्हणाले. "फोटोत काळं दिसतं, हातात पांढरं दिसतं."

"आणि वजन?" लेकीनं विचारलं.

यजमान पंख्याकडे बघू लागले.

"वजनाला पण उजेड लावायचा का?" काकू म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला होता.

दुसऱ्या दिवशी बेबी आली. हातात शिवणाची टेप आणि वहीतला फाडलेला कागद. गाळा मोजून आली होती. मशीन कुठं, आरसा कुठं, गिऱ्हाइकाला बसायला स्टूल कुठं, सगळं कागदावर काढलं होतं.

"पैसे कधी येतात गं वहिनी?"

"येतील. साइटचं जरा... वेळ लागतो."

"लागू दे. दादाला म्हटलं मी, दुसरं कुणी असतं तर झोप लागली नसती मला. वहिनी आहे म्हणून निर्धास्त आहे."

काकूंनी तिच्यासाठी चहा टाकला आणि साखर दोनदा घातली. बेबीनं तो बिनतक्रार प्यायला. ती गेल्यावर तो कप विसळता विसळता काकू मनात हिशेब मांडत होत्या. खरं लिहिलं तर हिचा गाळा जातो. खोटं लिहिलं आणि पकडलं गेलं, तर गाळाही जातो आणि खातंही. खोटं पचलं तर सगळं राहतं. मग आपल्या तोंडून शब्द का फुटत नाही, हे त्यांचं त्यांनाच कळेना.

तोवर बारीकनजरचे मेसेज वाढत होते. दुपारपर्यंत अकरा झाले. आधी 'ताई', मग 'मॅडम', मग नुसतंच 'तुम्ही'. त्यानं जुन्या फोटोंवर लाल गोल काढून पाठवले. काट्यावरच्या डबीचा फोटो पाठवला. काट्याखाली पातळी तपासायचा बुडबुडा अगदी मधोमध होता. म्हणजे माणसाला काटा कळत होता. काकूंना त्याचीच जास्त भीती वाटली. बाराव्या मेसेजमध्ये एकच ओळ होती.

'असं कमी वजन आजवर किती जणांना दिलंत?'

काकूंनी ती ओळ वाचली आणि खुर्चीवर बसल्या. कानशिलं तापली होती. या खेपेला हात धुवायला त्या उठल्या नाहीत. लेकीला विचारलं नाही, यजमानांना हाक मारली नाही. एका बोटानं, चष्मा सावरत, लिहिलं. 'डबी तीच आहे. फोटो काढल्यानंतर मी ती घासली. घासल्यावर पुन्हा वजन केलं नाही, ही माझी चूक. वजन तुमचं बरोबर आहे. आजवर कुणाला कमी दिलेलं नाही.' आणि पाठवून दिलं.

 अर्धा तास काहीच नाही. मग उत्तर आलं, 'साइटच्या व्हिडिओवर या.'

पडद्यावर आधी पंखा दिसला, मग एक कान, मग सत्तरीचा एक माणूस. गळ्यात दोरीला अडकवलेलं भिंग.

"ऐकू येतंय?"

"येतंय."

"मला वाटलं होतं कुणी दुकानदार असेल."

"मला वाटलं होतं तुम्ही तरुण असाल. एवढे मेसेज पाठवायला अंगात दम लागतो."

दाराआड उभ्या यजमानांनी कपाळाला हात लावला.

"निवृत्त आहे मी. वेळ आहे," तो माणूस म्हणाला. "घासली म्हणता. कशानं?"

"पांढरी पावडर. मऊ ब्रश. खाचांमध्ये काडीला कापूस लावून."

"किती वेळ?"

"चार तास."

त्यानं डोळे मिटून घेतले. कुणी गेल्याचं कळल्यावर माणूस मिटतो तसे. "अहो बाई, दीडशे वर्षं लागतात तो रंग चढायला."

"मला ते काळं दिसलं."

"काळं दिसलं!" तो सावरून बसला. "बरं. पण हे तरी खरं कशावरून? दुसरीच कुठली डबी घासून पाठवली असेल."

काकूंनी आपल्या हातांकडे पाहिलं.  मग बोटांनाच आठवल्यासारखं झालं. "झाकण उघडा," त्या म्हणाल्या. "आतली कड बघा, तुमच्या उजव्या हाताची. वेल संपते तिथं शेवटचं पान आहे. त्याच्या मागं तपकिरीचा डाग राहिला असेल. तिथं माझी काडी पोचली नाही. चौथ्या फोटोत झाकण उघडं आहे, काळ्यावरही तो तपकिरी डाग दिसेल, मोठा करून बघा."

त्यानं भिंग डोळ्याला लावलं. डबी नाकाजवळ नेली. बराच वेळ नुसतं त्याचं टक्कल दिसत होतं. मग त्याला जोरात शिंक आली. पाठोपाठ दुसरी.

"तपकीर," काकू म्हणाल्या.

"हो." तो नाक पुसत फोटो बघत राहिला. "आहे. तोच डाग. तोच आकार."

काकूंनी पदरानं चष्मा पुसला.

"बदलल्याची तक्रार मी मागं घेतो," तो म्हणाला. "कमी वजन दिल्याचं बोललो, तेही मागं घेतो. पण डबी ठेवणार नाही. परत पाठवतो."

"थोडे पैसे परत केले तर? निम्मे?" काकू घाईनं म्हणाल्या. आयुष्यात पहिल्यांदाच त्या जावईबापूंसारखं बोलत होत्या. "नणंदेची आहे हो डबी. तिनं एका जागेचा शब्द दिलाय. अनामतीचे पैसे आहेत ते."

त्यानं डबी खाली ठेवली. त्याचा आवाज मऊ झाला, पण उत्तर बदललं नाही. "बाई, मी चांदी विकत घेत नव्हतो. चांदी मला कुठंही मिळते. आता ही मला बघवत नाही."

साइटचा निकाल संध्याकाळी आला. पूर्ण पैसे परत. काकूंच्या नावापुढची हिरवी खूण गेली आणि पिवळी आली. लेक एवढंच म्हणाली, "खातं वाचलं ना."  यजमानांनी न सांगता दुधाची पिशवी आणून दिली आणि त्यावरून काकूंना कळलं, की आज आपला चेहरा फारच वाईट दिसतोय.

बेबीकडे काकू त्याच संध्याकाळी गेल्या. थांबल्या असत्या तर उद्या पाय उचलला नसता. बेबी मशीनवर होती. तोंडात टाचण्या, मांडीवर कुणाची तरी पँट. काकूंनी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. बेबीनं एकेक करून टाचण्या तोंडातून काढल्या.

"आईनं कधी घासली नव्हती ती."

"माहीत आहे."

"मग तुला कुणी सांगितलं होतं?"

"कुणी नाही, बेबीताई."

"त्याला सांगायचं नाही, घासली म्हणून. उजेडाचं काहीतरी सांगायचं."

"हे पण तेच म्हणत होते."

"मग ऐकायचंस ना! तीस वर्षांत एकदा तरी ऐकायचंस नवऱ्याचं!" बेबी ओरडली आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं ते त्या परक्या पँटलाच पुसलं. "मी शब्द दिलाय त्या माणसाला. टेप घेऊन मोजून आले. आणि सगळीकडे सांगत फिरतेय, माझी वहिनी म्हणजे काटा."

 काकू जिना उतरल्या. 

डबी परत यायला चार दिवस लागले. परत पाठवताना लोक काय काय करतात, हे काकूंना पक्कं ठाऊक होतं. चांदी ठेवून मुलामा दिलेलं पितळ पाठवणारे त्यांनी पाहिले होते. यजमानांच्या हातात फोन देऊन, चित्रण चालू ठेवून त्यांनी खोका फोडला. डबी तीच होती. तीनदा वजन केलं, तिन्ही वेळा मोठ्यानं वाचलं. पंच्याण्णव पूर्णांक बावन्न. 

बेबी आली, बसली नाही, डबी पर्समध्ये टाकून गेली. "मी सराफाकडे मोडते," एवढंच दादाला म्हणाली. "मिळतील तेवढे गाळेवाल्यापुढं ठेवते आणि पंधरा दिवस मागते. दिले तर दिले." काकूंकडे तिनं पाहिलं नाही. त्याच आठवड्यात खालच्या मजल्यावरची बाई विकायला दिलेली बांगडी परत घेऊन गेली. "मुलगी नको म्हणतेय," ती म्हणाली. बाईला मुलगी नव्हती, भाची होती. काकूंनी विचारलं नाही.

तीन दिवसांनी, दुपारी बाराच्या सुमाराला काकू भांडी विसळत असताना फोन वाजला. बेबी. आवाज दाबलेला, मागं रस्त्याची वर्दळ.

"सराफाकडे उभी आहे. तो दीड ग्रॅम कापतोय."

"कशाबद्दल?"

"म्हणतो बिजागरीत काडी आहे ती लोखंडाची. ती चांदीत धरता येत नाही. आहे का लोखंडाची?"

महिन्यापूर्वी काकूंनी पापणी न लववता उत्तर दिलं असतं. आता त्यांनी डोळे मिटले. बिजागरी घासताना काडीचं टोक दिसलं होतं, पांढरं, गंज नव्हता. दिसलं होतं ना? की दिसलं असं वाटतंय?

"वहिनी? बोल की. तो उभा आहे समोर."

"नाही. चांदीचीच आहे."

"नक्की?"

"त्याच्याकडे लोहचुंबक असेल," काकू म्हणाल्या. "खणात असतं, सगळ्यांच्या असतं. त्याला म्हणावं, काडीला लावून दाखवा."

बेबीनं तसं म्हटलेलं ऐकू आलं. मग एका पुरुषाचा त्रासिक आवाज, मग खण ओढल्याचा. काकूंच्या कोपरावरून पाणी ओघळून जमिनीवर पडत होतं. चिकटलं तर? चिकटलं तर बेबी पुन्हा या घराची पायरी चढणार नाही. आणि तिचं बरोबरच असेल.

"सापडत नाहीये म्हणतो."

"सापडेल. थांबा तिथंच."

"सापडलं." थोडा वेळ गेला. "लावलं."

"मग?"

"नाही चिकटलं. थांब, दुसऱ्या बाजूनं लावतोय." पुन्हा काही वेळ नुसती वर्दळ. "नाही चिकटत."

पलीकडून तो आवाज आला, "कोण आहे हो फोनवर?"

"माझी वहिनी," बेबी म्हणाली. मग फोनमध्ये, "किती म्हणायचं वजन?"

"पंच्याण्णव पूर्णांक बावन्न."

बेबीनं तो आकडा दुकानभर ऐकू जाईल असा वाचला. मग तिचा आवाज पुन्हा खाली आला. अजून रुसलेला होता, पण फोन काही तिनं ठेवला नव्हता.

"तू लाइनवरच राहा," ती म्हणाली. "आता भाव बोलतोय तो."

काकूंनी फोन दुसऱ्या कानाला लावला आणि ऐकत उभ्या राहिल्या.